तीन आकड्यांत न मावणारी बोट

कफ परेडच्या मच्छीमार नगरात किनाऱ्याला लावलेल्या बोटींच्या अंगावर नोंदणीचा क्रमांक रंगवलेला असतो. त्या क्रमांकामागे सरकारदरबारी बोटीची नोंद असते: मालक कोण, लांबी किती, रुंदी किती, खोली किती, बॉडी लाकडाची की फायबरची, इंजिन किती अश्वशक्तीचं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री बधवार पार्कजवळच्या याच किनाऱ्यावर दहा हल्लेखोर रबरी होडीतून उतरले. त्यानंतर देशाच्या साऱ्या किनारपट्टीवर बोटींची नोंदणी, खलाशांची ओळखपत्रं, समुद्रातली तपासणी या सगळ्याला वेग आला. कागद जवळ नसलेल्या बोटीकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. इथल्या नाखव्याला आता जाळं, बर्फ आणि डिझेल यांच्याइतकीच बोटीच्या कागदांचीही काळजी घ्यावी लागते.

बोट ही भरीव वस्तू. तिला पोट आहे, तळ आहे, पुढे उचललेली नाळ आहे. नोंदीत यातले तीन आकडे उरतात. ते फोनवरून सांगता येतात, फॉर्मच्या तीन चौकटींत भरता येतात, वर्षानुवर्षं न बदलता राहतात. एखाद्या आकाराचं याहून आटोपशीर टिपण करता येणार नाही. त्यात काय हरवतं ते जरा हिशेब करून पाहू.

समजा दोन बोटी आहेत. दोन्ही पाण्याच्या रेषेवर 9 मीटर लांब, 2.4 मीटर रुंद आणि दोन्ही पाण्यात 0.6 मीटर बसलेल्या. या मापांचा चौकोनी खोका केला तर तो 12.96 घनमीटरचा होतो. पण बोट खोक्यासारखी नसते. नाळेकडे ती निमुळती होते, तळाशी आत वळते. पहिली बोट सडपातळ, ती या खोक्यातला 45 टक्के भाग भरते. दुसरी पोटाला फुगीर, ती 60 टक्के भरते. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचं वजन साधारण 1.025 टन. म्हणजे पहिली बोट सुमारे 6 टन पाणी बाजूला सारते आणि दुसरी जवळजवळ 8 टन. बोटीचं स्वतःचं वजन, इंजिन, डिझेल, बर्फ, जाळी, माणसं आणि मासळी यांची बेरीज या बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकीच असते, कमी नाही आणि जास्त नाही. तेवढ्याच खोल बसून एक बोट दुसरीपेक्षा दोन टन जास्त वाहून नेते, आणि तीन आकड्यांच्या नोंदीत दोघी जुळ्या बहिणी दिसतात.

नोंद घेणाऱ्याचा यात दोष नाही. त्याचा प्रश्न एवढाच असतो की समोर उभी असलेली बोट ही कागदावरचीच बोट आहे का. त्या प्रश्नाला तीन आकडे, क्रमांक आणि रंग पुरतात. बोट बांधणाऱ्याचा प्रश्न वेगळा, कर्ज देणाऱ्या बँकेचा वेगळा, आणि तिच्यात बसून मध्यरात्री समुद्रात जाणाऱ्याचा तर फारच वेगळा. आकार कागदात किंवा फाईलमध्ये उतरवताना काहीतरी गाळावंच लागतं. काय गाळायचं हे वाचणाऱ्याकडे पाहून ठरवलं पाहिजे आणि काय गाळलं आहे ते त्या कागदानेच सांगितलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट मला इथे उलगडून दाखवायची आहे. संगणकावरचा त्रिमितीय नमुना पीडीएफ करून धाडणं हे आज दोन क्लिकचं काम झालं आहे, म्हणून तर हा विचार मागे पडत चालला आहे.

लाकडी बोटींच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरचे मिस्त्री कागदाशिवाय बोटी बांधत आले. आधी कणा मांडायचा, पुढची नाळ आणि मागचा खांब उभा करायचा, मधल्या दोन-चार बरगड्या नजरेने आणि जवळच्या फर्म्याने ठरवून बसवायच्या. मग एक लांब लवचिक पट्टी बाहेरून गुंडाळून पाहायची. पट्टी जिथे फुगते तिथे तासायचं, जिथे दबते तिथे भर घालायची. बाकीच्या बरगड्यांचा आकार ती पट्टीच सांगते. या पद्धतीत आकार एका डोक्यात राहतो आणि त्याला कुठे जायचं नसतं. मालक शेजारी बसलेला असतो, नाळ थोडी उंच हवी असेल तर तिथल्या तिथे सांगतो. जिथे बांधणारा, वापरणारा आणि पैसे देणारा एकाच वाळूत उभे असतात तिथे नकाशाचं अडत नाही. आकाराला प्रवास करावा लागला की अडतं.

त्या प्रवासाची मुंबईतली एक खरी हकिकत आहे. मच्छीमार नगरातून कुलाब्याची चिंचोळी पट्टी ओलांडून पूर्वेच्या किनाऱ्याला गेलं की आज नौदलाकडे असलेली जुनी मुंबई गोदी लागते. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून इथे आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या या गोदीत जहाजं बांधली. 1812 मध्ये ब्रिटिश नौदलाने इथे फ्रिगेट जातीची एक युद्धनौका बांधायला सांगितली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात इंग्लंडमधलं ओकचं लाकूड अपुरं पडत होतं, मुंबईत सागवान होतं आणि ते घडवणारे हात होते. जहाज मात्र नवीन आखायचं नव्हतं. त्याचा आकार तीस वर्षांपूर्वीचा आणि मुळात शत्रूचा होता. झाक-नोएल साने या फ्रेंच रचनाकाराने आखलेली 'एबे' ही फ्रिगेट 1782 मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागली होती. त्यांनी तिची मापं घेऊन बॉडीच्या रेषा कागदावर उतरवल्या आणि त्यांवरून 'लीडा' वर्गाची जहाजं बांधली. त्याच रेषा आता मुंबईला धाडायच्या होत्या.

नकाशे 'जावा' नावाच्या जहाजावरून निघाले. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला हरवलं आणि नंतर तिला आग लावून दिली. नकाशे तिच्याबरोबर गेले. दुसऱ्या प्रती करून पुन्हा पाठवाव्या लागल्या. 1816 मध्ये कण्यात चांदीचा खिळा ठोकून काम सुरू झालं आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली 'ट्रिंकोमाली' पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूल या बंदरात ती आजही पाण्यावर उभी आहे.

या हकिकतीने मी दर वेळी थक्क होतो. साने आणि जमशेटजी एकमेकांना कधी भेटले नाहीत, एकमेकांची भाषा बोलत नव्हते, एकाचं लाकूड दुसऱ्याच्या देशात उगवत नव्हतं. तरीही एका माणसाच्या मनातली वक्रता दुसऱ्याच्या सागवानात उतरली. मधे एक अख्खं जहाज जळालं आणि त्या आकाराचं काही बिघडलं नाही, कारण त्याची प्रत निघू शकत होती. काही कागदांवर एवढं सगळं कसं मावलं?

मावलं ते तीन चित्रांमुळे. एखादा दुधी घेऊन त्याला तीन प्रकारे कापता येतं: आडव्या चकत्या, उभ्या लांब फाका, आणि पाटावर झोपवून जमिनीला समांतर थर. बोटीचंही तेच करतात, फक्त मनातल्या मनात. आडव्या चकत्यांच्या कडा एकात एक ठेवून काढल्या की पहिलं चित्र तयार होतं. त्यात बोट समोरून दिसते. उभ्या फाकांच्या कडांचं दुसरं चित्र बाजूने पाहिल्यासारखं. समांतर थरांच्या कडांचं तिसरं वरून पाहिल्यासारखं, आणि त्यातही अर्धीच बोट काढतात, कारण डावी आणि उजवी बाजू सारखीच असते. प्रत्येक बिंदू या तिन्ही चित्रांत येतो आणि तिन्हीकडे त्याचं माप एकच निघालं पाहिजे. एका चित्रात रेषा केसभर सरकली की दुसऱ्या चित्रात तिला वळ पडतो आणि चूक आपोआप उघडी होते. कागद स्वतःची तपासणी स्वतःच करतो. नुसत्या सुंदर चित्रात हा गुण नसतो.

या चित्रांतून मग आकड्यांचा तक्ता काढतात. ठरावीक अंतरावरच्या प्रत्येक चकतीसाठी, प्रत्येक उंचीवर, मधल्या रेषेपासून बॉडी किती दूर आहे ते मिलिमीटरमध्ये लिहायचं. हा तक्ता पाहायला अगदी रुक्ष असतो. पण त्यावरून कारागीर जमिनीवर पूर्ण आकाराच्या रेषा आखू शकतो, आणि सिम्प्सनचा नियम माहीत असलेला विद्यार्थी वहीत बेरीज करून बोट किती पाणी सारेल ते सांगू शकतो. वरच्या दोन बोटींमधला दोन टनांचा फरक या तक्त्यात ढळढळीत दिसतो. तीन आकड्यांच्या जागी दोन-तीनशे आकडे आले, आणि तेवढ्याने बोट पुन्हा उभी राहण्याजोगी झाली.

संगणक आल्यावर हे सगळं बदललं असं म्हणतात. मला ते निम्मंच खरं वाटतं. मिस्त्रीची लवचिक पट्टी गणितात उतरली, हा मोठा बदल. 1960 च्या आसपास फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांत, रेनोमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी काही मोजक्या बिंदूंनी हवी तशी गुळगुळीत वक्ररेषा ओढायची रीत बसवली. आजचं बहुतेक रचनेचं सॉफ्टवेअर त्या घराण्यातलं आहे. बोटीची बॉडी त्यात एक अखंड पृष्ठभाग म्हणून राहते. कुठेही कापा, हवी ती चकती मिळते. नाळ चार बोटं उचलली तर तिन्ही चित्रं आणि आकड्यांचा तक्ता क्षणात नवे होतात. जिवंत नमुना म्हणतात तो हा.

अडचण पाठवताना सुरू होते. हा नमुना ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाला ते समोरच्याकडे नसतं. असलं तरी त्याची आवृत्ती वेगळी असते. म्हणून नमुना मधल्या कुठल्यातरी रूपात ओतावा लागतो, आणि इथे दोन वाटा फुटतात. त्या दोन वाटांतला फरक माहीत नसल्यामुळे कितीतरी फायली वाया जातात.

एका वाटेने गणितातला पृष्ठभाग जसाच्या तसा जातो. 'स्टेप' नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणरूप त्यासाठीच आहे. त्याचा पहिला भाग 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. मिळालेल्या फाईलमधून समोरच्याला पुन्हा नेमकी मापं काढता येतात. दुसऱ्या वाटेने पृष्ठभागाचे त्रिकोण करतात. छोटे छोटे सपाट त्रिकोण एकमेकांना जोडून बोटीचा आभास तयार होतो. 1987 पासूनचं 'एसटीएल' हे रूप असं आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एक मीटर त्रिज्येचा गोलवा 10 सेंटिमीटरच्या सरळ तुकड्यांनी भरला तर प्रत्येक तुकड्याच्या मधोमध खरा आकार 1.25 मिलिमीटर दूर राहतो. तुकडे निम्मे, म्हणजे 5 सेंटिमीटरचे केले तर ही फट 0.3 मिलिमीटरवर येते, मात्र त्रिकोणांची संख्या चौपट होते. एसटीएलच्या बायनरी रूपात एका त्रिकोणाला 50 बाइट लागतात. एक लाख त्रिकोणांची फाईल 5 एमबीची होते. बारकावा वाढवायचा तर फाईल फुगते, फाईल आटोपशीर ठेवायची तर बोटीला पैलू पडतात.

सव्वा मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. फायबरच्या बोटीचं काम पाहिलं की कळतं. आधी बोटीच्या पूर्ण आकाराचा ठोकळा करतात, त्यावरून साचा काढतात, साच्याला मेण लावतात, मग जेलकोटचा रंगीत थर, मग काचतंतूची मॅट आणि रेझिन. जेलकोटचा थर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. ठोकळ्यावर राहिलेला सव्वा मिलिमीटरचा पैलू त्या थरातून सरळ दिसतो, साच्यात उतरतो आणि त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक बोटीवर उतरतो. तो घालवायला कामगाराला दिवसच्या दिवस पॉलिशपेपर घेऊन घासत बसावं लागतं, तोंडात धूळ जाते, आणि घासून घासून तयार झालेला आकार शेवटी रचनाकाराचा नसतोच. एसटीएलमध्ये आणखी एक खोड आहे: त्यात एकक लिहिलेलं नसतं. फाईलमध्ये 9 असेल तर ते 9 मीटर की 9 मिलिमीटर, हे पाठवणाऱ्याने वेगळं सांगावं लागतं. जगभरच्या कारखान्यांत बोटाच्या पेराएवढे भाग पडद्यावर उघडतात ते यामुळेच.

मग पीडीएफ. अडोबीने 1993 मध्ये हे रूप आणलं ते कागद जसा आहे तसा कुठल्याही यंत्रावर दिसावा म्हणून. 2005 च्या सुमारास त्यात त्रिमितीय नमुना बसवायची सोय झाली. पानावर एक खिडकी असते, तिच्यात बोटीचं स्थिर चित्र असतं. त्यावर क्लिक केलं की नमुना जागा होतो, फिरवता येतो, आडवा कापून आतलं पाहता येतं, दोन बिंदूंमधलं अंतर मोजता येतं. आत नमुना ठेवायची दोन रूपं आहेत. जुनं 'यूथ्रीडी' मुख्यतः त्रिकोणांचं. नंतरचं 'पीआरसी', जे 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं, त्रिकोणही ठेवू शकतं आणि नेमका पृष्ठभागही. पीडीएफ बनवताना कोणतं रूप निवडलं हे पान पाहून कळत नाही. म्हणजे खिडकीतलं मोजमापाचं साधन छान दशांशांत आकडा दाखवतं, पण तो आकडा बोटीचा की त्रिकोणाचा, हे वाचणाऱ्याला समजायला मार्ग नाही. अशा पीडीएफच्या पहिल्या पानावर एक ओळ असायलाच हवी: खिडकीतला नमुना पाहण्यासाठी आहे की मोजण्यासाठी, आणि मोजण्यासाठी असेल तर किती मिलिमीटरपर्यंत विश्वास ठेवावा. ही ओळ मी फार थोड्या फायलींत पाहिली आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही खिडकी बहुतेकांसाठी उघडतच नाही. सुरक्षेसाठी अडोबीच्या रीडरमध्ये त्रिमितीय मजकूर आधी बंद असतो. फाईलवर विश्वास आहे असं वापरणाऱ्याने सांगावं लागतं. ब्राउझरमध्ये आणि फोनवरच्या बहुतेक दर्शकांत तर फक्त ते स्थिर चित्र दिसतं. मच्छीमार नगरातल्या माणसाला बोटीची फाईल येणार ती व्हॉट्सॲपवर, आणि तो ती उघडणार फोनवर. रचनाकाराने मोठ्या प्रेमाने बसवलेला फिरता नमुना तिथे एक लहानसं निळं चित्र होऊन बसतो. पाठवणाऱ्याला वाटतं की सगळं दाखवलं. घेणाऱ्याला वाटतं की एवढंच दाखवलं.

म्हणून मला साध्या, सपाट, पाच-सात पानांच्या पीडीएफचा अजूनही भरवसा वाटतो. त्यात फिरवता येत नाही, हे खरं. पण कुठल्या बाजूने पाहायचं याचा विचार रचनाकाराने आधी केलेला असतो, आणि तो विचार हीच खरी सेवा आहे. नाखव्याला बोट खालून पाहायची हौस नसते. जाळं ओढताना उभं राहायला जागा कुठे, काठ गुडघ्यापर्यंत येतो की मांडीपर्यंत, इंजिनाच्या झाकणावरून पाय अडखळेल का, बर्फाची पेटी उघडली तर मागचा माणूस कुठे सरकणार, हे त्याला पाहायचं असतं. त्या जागांवरून कापून काढलेली आडवी चित्रं द्यावीत आणि प्रत्येकात एक उभा माणूस काढावा. पाच फूट सहा इंचांचा माणूस शेजारी दिसला की आकडा न वाचताही काठाची उंची कळते.

प्रमाणाचंही असंच. नकाशाच्या कोपऱ्यात 1:20 लिहिण्याची जुनी रीत आहे. ए-वन आकाराचा तो कागद झेरॉक्सवाल्याकडे 'पानात बसवून' ए-फोरवर छापला की तो साधारण 1:57 होतो, आणि कोपऱ्यात 1:20 तसंच राहतं. फोनवर बोटांनी मोठं केलं तर काहीच अर्थ उरत नाही. त्याऐवजी चित्राच्या खाली एक मीटरची पट्टी काढावी. चित्र लहान झालं की पट्टी लहान होते, मोठं झालं की मोठी. तिचं खरेपण कुठल्याही छपाईत टिकतं. मापं चित्रावर आकड्यांत लिहिलेली असावीत आणि एकक प्रत्येक पानावर असावं. ही कामं कंटाळवाणी आहेत, पण त्यांच्यावाचून पान चित्रच राहतं.

साचा करणाऱ्याला मात्र हे पीडीएफ पुरणार नाही. त्याला नेमका पृष्ठभाग हवा, म्हणजे स्टेप फाईल हवी, आणि सोबत पडताळ्यासाठी तो रुक्ष आकड्यांचा तक्ता हवा. यंत्राने ठोकळा कापून झाल्यावर दहा-बारा ठिकाणी टेप लावून तक्त्याशी ताडून पाहिलं की एककाची, प्रतीची, उलटसुलट झालेल्या बाजूची कुठलीही गफलत रेझिन ओतण्याआधी सापडते. बँकेला यातलं काहीच नको असतं. तिला मुख्य मापं, वजन, क्षमता, दरपत्रक आणि जबाबदार माणसाची सही हवी. एकाच नमुन्यातून हे सगळं निघतं. सगळ्यांना एकच फाईल धाडून मोकळं होणं हा मला निष्काळजीपणा वाटतो.

नेमका पृष्ठभाग कुणाला द्यायचा, यात रचनाकाराच्या पोटापाण्याचाही प्रश्न आहे. फायबरच्या धंद्यात दुसऱ्याची तयार बोट आणून तिच्यावरूनच साचा काढण्याची खोड जगभर आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने त्याविरुद्ध कायदा केला होता. 1989 मध्ये 'बोनिटो बोट्स' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अवैध ठरवला, कारण पेटंट नसलेला आकार राज्याने असा राखून ठेवणं केंद्राच्या पेटंट कायद्याशी विसंगत ठरत होतं. मग 1998 मध्ये तिथल्या संसदेला बोटींच्या बॉडीच्या रचनेसाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे 2000 चा डिझाइन कायदा आहे, पण त्याचं संरक्षण आधी नोंदणी केली तरच मिळतं. तयार बोटीवरून साचा काढायला निदान ती बोट हातात लागते. स्टेप फाईल मिळाली की तीही लागत नाही. म्हणून चर्चेच्या टप्प्यावर त्रिकोणांचं, मुद्दाम जाड ठेवलेलं रूप द्यावं आणि व्यवहार ठरल्यावर नेमकं द्यावं, यात संकोच वाटायचं कारण नाही. फक्त ते जाड आहे, हे घेणाऱ्याला सांगितलेलं असावं.

या सगळ्यात नकाशाच्या कोपऱ्यातली चौकट अनेकांना औपचारिक वाटते. नाव, तारीख, आवृत्तीचा क्रमांक, कुणी काढला, कुणी तपासला, सही. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. जिवंत नमुना बदलत राहतो. काल नाळ उचलली, आज इंजिन हातभर मागे नेलं. फाईल ज्या क्षणी बाहेर जाते त्या क्षणी कुणीतरी म्हणतो की आजच्या तारखेला बोट अशी आहे, आणि माझं नाव त्याखाली आहे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली आहे. तशी सही केल्यानंतर पीडीएफमधलं अक्षर जरी बदललं तरी ते उघड होतं. उद्या समुद्रात काही झालं, विम्याचा प्रश्न आला, बोट नोंदीप्रमाणे होती की नाही याची चौकशी लागली, तर फिरता नमुना कुणाच्या उपयोगी पडणार नाही. तारीख आणि सही असलेलं पान पडेल. 'ट्रिंकोमाली'च्या नकाशांच्या दुसऱ्या प्रती मुंबईला आल्या तेव्हा वाडियांना विश्वास ठेवायला जागा होती ती याचमुळे: कुठल्या जहाजाचा आराखडा, कुणी मंजूर केलेला, हे त्या कागदालाच ठाऊक असावं लागतं. सांगायला दुसरं कुणी सोबत आलेलं नसतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं करायचं त्याच्याकडे येऊ. बोटीचा आकार वाचण्यात नाखवा आणि तांडेल यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी तो पाण्याखालून येणाऱ्या धक्क्यांतून वाचलेला असतो. बॅक बेमधून बाहेर पडताना भरतीच्या तोंडाला नाळ कशी उचलते, पावसाळा संपता संपता राहिलेल्या लाटेत मागून पाणी कसं चढतं, दोन माणसं एका बाजूला जाळं ओढायला गेली की बोट किती कलते, हे त्यांना माहीत असतं आणि रचनाकाराला बहुधा नसतं. फाईल त्यांच्यापर्यंत पोचली, त्यांना वाचता आली आणि त्यांचं म्हणणं साचा होण्याआधी परत आलं तर बोट सुधारते. साचा झाल्यानंतर आलेलं म्हणणं पुढच्या बोटीच्या कामाला येतं, आणि पुढची बोट त्या घरात पंधरा-वीस वर्षांनी येते. म्हणून पहिली प्रत बँकेआधी, कारखान्याआधी त्यांच्याकडे जावी असं मला कळकळीने वाटतं, मराठीत लिहिलेल्या मापांसकट.

त्या प्रतीतलं एक पान तर कधीच चुकवू नये. बाजूने काढलेल्या चित्रावर पाण्याच्या दोन रेषा असाव्यात. एक सकाळी निघतानाची: डिझेल भरलेलं, बर्फ भरलेला, जाळी कोरडी. दुसरी परत येतानाची: निम्मं डिझेल, वितळलेला बर्फ, भिजून जड झालेली जाळी, पुढच्या खणात मासळी. दोन्ही रेषांना शेजारी त्या वेळचं वजन टनांत, आणि काठ पाण्यापासून किती वर राहिला ते सेंटिमीटरमध्ये. नाळेकडे वेगळं, मागे वेगळं, कारण मासळी पुढे भरली की बोट नाक खाली करते. तीन आकड्यांच्या नोंदीत हे येत नाही, फिरत्या नमुन्यात येत नाही, कारण नमुन्याला पाणी नसतं. वजनं एकेक करून धरावी लागतात, आणि ती धरायला नाखव्यालाच विचारावं लागतं: जाळी किती, बर्फाच्या लाद्या किती, माणसं किती, आणि मासळी लागलीच तर जास्तीत जास्त किती भरता.